हवेतले चोवीस पाय

लाकडी कंपासाच्या टोकाला खडू बसत नव्हता. पितळी कडी सैल झाली होती; स्क्रू पिळला की खडू तुटायचा, सैल सोडला की निसटायचा, आणि मग फळ्यावरच्या वर्तुळाची दोन टोकं एकमेकांना भेटायचीच नाहीत — एक आत, एक बाहेर. कालिंदीबाई कंपास उजेडाकडे धरून त्या कडीकडे बघत राहिल्या. शनिवारची सकाळची शाळा नुकतीच सुटली होती, शिक्षकांची खोली रिकामी झाली होती, आणि कसबा बावड्याकडून वारा आला की साखर कारखान्याच्या मळीचा गोड-आंबूस वास खिडकीतून आत येत होता. जानेवारीत हा वास रोजचाच. तरी तो आला की बाईंना उगाच वाटायचं, कुठेतरी काहीतरी उतू जातंय आणि आपण उठून बघत नाही.

उद्या हा कंपास न्यायचा होता. जिल्ह्यातल्या गणित शिक्षकांचं संमेलन होतं आणि त्यात कालिंदीबाई हेर्लेकर यांनी 'गणिताचे अध्यापन कसे सुधारावे' या विषयावर बोलायचं होतं. शाळेचा गणिताचा निकाल वर्षानुवर्षं शंभर टक्के लावणाऱ्या बाई म्हणून त्यांना आग्रहानं बोलावलं होतं. पिशवीत चार फुलस्केप कागद होते. पहिले तीन सरळ लिहून झाले — नवा अभ्यासक्रम, संच, आकृत्या, मुलांच्या हातात वस्तू द्या, दोऱ्या द्या, चिंचोके द्या. चौथ्या कागदावर काल संध्याकाळी एकच वाक्य झालं: 'मुलाचे उत्तर आपल्या रीतीने आलेले नसले, तरी त्यामागे त्याचा विचार असतो, तो आधी ऐकावा, कारण आपण शाळेत मुलांसाठी आलो आहोत.' वाक्य चांगलं होतं. कुणीही मान डोलवावी असं. पण ते लिहून झालं आणि पेन पुढे गेलंच नाही... कारण ज्या हातानं ते लिहिलं त्याच हातानं एकसष्ट साली... पण ते आता नको. आता कडी नीट करायची आहे.

तेवढ्यात शाळेच्या शिपाईण बायडाबाई दारात आल्या.

"बाई, पावणं आल्यात. गडहिंग्लजासनं. आपल्याच शाळंची जुनी पोरगी हाय म्हनत्यात."

त्यांच्या मागं डोक्यावरून पदर घेतलेली एक बाई उभी होती, पस्तिशीच्या आतली, थोडी सुटलेली. आणि तिच्या कोपराला धरून तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी. जुन्या मुली येत असतात. लग्नाची पत्रिका घेऊन येतात, पेढे घेऊन येतात, आणि बाई चेहरा ओळखल्यासारखं हसतात, मग नाव विचारून घेतात. आजही त्या तसंच हसल्या.

"वळखलं न्हाय व्हय बाई? मी नजीरा. ख्वाजा पटवेगारांची."

कंपास टेबलावर ठेवताना त्याचा आवाज झाला. एकोणीस वर्षं हे नाव त्यांनी कधी मोठ्यानं ऐकलं नव्हतं. मनात ते इतक्यांदा आलं होतं, की आता कुणाच्या तोंडून ऐकताना वाटलं — आपलं आतलं बोलणं कुणीतरी बाहेरून वाचतंय.

त्यांनी दोघींना बसायला सांगितलं. बायडाबाईंना चहा सांगितला. अब्बा कसे आहेत, विचारलं. अब्बा बरे होते, अजून गुजरीत सोनारांच्या ओळीत त्याच पायरीवर बसून कोल्हापुरी साज आणि मंगळसूत्रं रेशमात ओवून देत होते, फक्त सुईत दोरा आता दुसऱ्या कुणी घालून द्यावा लागत होता. मग नजीरानं येण्याचं कारण सांगितलं. मुलीचं नाव हाफिजा. गडहिंग्लजला आठवीत होती. सहामाहीला गणितात नापास झाली होती आणि तिथल्या सरांनी सांगितलं होतं, की हिला हे झेपायचं नाही. वडील म्हणत होते, आता शाळा पुरे, आत्याकडे शिवण शिकू दे. नजीरानं त्यांना एकच विनंती केली होती — आमच्या बाईंना एकदा दाखवते, त्या म्हणतील तसं करू.

"माझ्या वक्ताला तुम्ही बरोबर वळखलं होतं," नजीरा म्हणाली. "बीजगणित काढून सोपं अंकगणित दिलासा, म्हणून मॅट्रिक तरी झाले. हिलाबी बघा. हिच्यात न्हाय म्हणाला, की सोमवारपासनं काढतो शाळेतनं. आमच्या रक्तातच न्हाय ते."

हे ती तक्रार म्हणून सांगत नव्हती. आभार मानत होती. चेहरा स्वच्छ होता. बाई त्या चेहऱ्यात राग शोधत राहिल्या आणि तो सापडेना.

तेव्हा मुलींना तशी सवलत होती. बीजगणित-भूमिती जड जात असेल तर सोपं अंकगणित घेता येई. मात्र मग सायन्सची वाट बंद. नववीत तो फॉर्म भरायचा. नजीराला सायन्सला जायचं होतं, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं, कारण तिनं ते निबंधात लिहिलं होतं. पण सहामाहीत तिला गणितात एकतीस गुण पडले होते आणि पास व्हायला पस्तीस लागत. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, यादी मागितली — निकाल बिघडवतील अशा मुलींची. कालिंदीबाईंनी यादीत नजीराचं नाव लिहिलं आणि तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. ख्वाजाभाई टोपी हातात घेऊन उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. बाईंनी त्यांना समजावून सांगितलं, की मुलीची बुद्धी कमी आहे असं नाही, पण या विषयाला लागते तशी नाही. "तुम्ही म्हणाल तसं, बाई. आम्हाला त्यातलं काय कळतंय?" एवढंच ते म्हणाले आणि सही केली. त्यांच्या बोटांच्या टोकांना लाल रेशमाचे तंतू चिकटले होते, त्यातला एक फॉर्मवर राहिला. बाईंनी तो फुंकून उडवला.

मुलीच्या भल्यासाठी केलं — पहिली काही वर्षं बाई स्वतःला असं सांगत होत्या. मग निवृत्त होताना मोठ्या बाईंनी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, की शंभर टक्क्यांची परंपरा तुमच्यामुळे आहे, आणि त्या दिवशी घरी येताना कबूल करावं लागलं, की भल्यासाठी नव्हे, निकालासाठी केलं. या दुसऱ्या कबुलीत एक समाधान होतं. शाळेचा दोष, मोठ्या बाईंचा दोष, काळाचा दोष... त्यात आपला वाटा लहान. त्या वाट्यावर बाईंनी बरीच वर्षं काढली. पण त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती, आणि तिथे त्या कधी उतरत नव्हत्या.

सहामाहीच्या पेपरात सहा गुणांचं एक उदाहरण होतं. एका गोठ्यात गाई आणि कोंबड्या मिळून तीस डोकी आणि चौऱ्याऐंशी पाय. तर प्रत्येकी किती? क्ष धरायचा, य धरायचा, दोन समीकरणं मांडायची. नजीरानं क्ष धरला नव्हता. तिनं लिहिलं होतं: 'सर्व गाईंनी पुढचे दोन पाय उचलले असे समजू. मग प्रत्येकाचे दोनच पाय जमिनीवर. ते साठ. उरलेले चोवीस पाय हवेत. ते गाईंचेच. म्हणून गाई बारा, कोंबड्या अठरा.'

बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. पेपर परत देण्याचा तास होता, मुली कंटाळल्या होत्या, थोडी गंमत म्हणून. 'सर्व गाईंनी पुढचे दोन पाय उचलले' — एवढ्यावरच वर्ग हसायला लागला. कुणीतरी बाकावर हात टेकून गाय झाली. नजीरा पण हसली, सुरुवातीला. आणि पुढचं वाक्य वाचता वाचता — साठ... उरलेले चोवीस... — बाईंच्या लक्षात आलं की हे बरोबर आहे. नुसतं उत्तर बरोबर नाही, सगळंच बरोबर आहे. क्ष आणि य घेऊन आपण जे करतो तेच या पोरीनं गाईंचे पाय उचलून केलं आहे, आणि ते असं दिसतं हे मला, जिनं आख्खं बीजगणित पाठ करून परीक्षा दिल्या, रीत पाठ करून रीतच शिकवली, तिला आत्ता कळतंय, एका चौदा वर्षांच्या मुलीच्या कागदावरून, चाळीस मुलींसमोर उभी असताना. तिथं थांबायला हवं होतं. 'नजीरा, इकडे ये, सगळ्यांना समजावून सांग' — एवढंच म्हणायला हवं होतं. पण मग कुणीतरी विचारलं असतं, की बाई, मग क्ष कशाला धरायचा? आणि मला उत्तर माहीत नव्हतं.

बाई हसल्या. वर्गाबरोबर, वर्गापेक्षा थोडं जास्तच. शून्य गुण तसाच ठेवला. एकतीसचे सदतीस झाले नाहीत.

"बाई?" नजीरा म्हणाली. "हिला काय विचारता का?"

हाफिजा खुर्चीच्या टोकावर बसली होती. काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, मला येत न्हाय. पत्ता सांगावा तितक्या सहज. बाईंनी एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं: पाऊण भागिले अर्धा. मुलीनं पेन्सिल घेतली, दुसरा अपूर्णांक उलटा केला, गुणलं, आणि क्षणात लिहिलं, दीड. हात सफाईनं चालला. शिकवलेला हात होता.

"पाऊणला भागलं ना आपण?" बाईंनी विचारलं. "मग उत्तर पाऊणपेक्षा मोठं कसं आलं?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. पण मुलीनं मान खाली घातली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि दीडवर आडवी रेघ मारली. मग त्या रेघेवर आणखी एक. उत्तर दिसेनासं होईपर्यंत गिरवत राहिली.

"बघा," नजीरा हळूच म्हणाली. "म्हणून म्हणतो."

बाई त्या काळ्या चौकोनाकडे बघत होत्या. या मुलीला आपण कधी शिकवलं नाही. सत्तर किलोमीटरवरच्या कुठल्यातरी शाळेत, कुठल्यातरी सरांच्या हाताखाली ती शिकते. तरी हे खोडणं ओळखीचं होतं. बाईंनी प्रश्न विचारला, म्हणजे आपलं चुकलं... हे पोरीला कुणी शिकवलं? कुणी शिकवलं त्याची वाट या टेबलापाशी येते. एक माणूस हसतं, आणि ते हसू एका घरात जातं, लग्न करून दुसऱ्या गावाला जातं, तिथं वाढतं, दोन वेण्या घालून शाळेत जातं.

"ते बरोबर होतं," त्या म्हणाल्या. मुलीनं वर बघितलं नाही म्हणून पुन्हा म्हणाल्या, "दीड. बरोबर होतं, हाफिजा." आणि मग थांबता येईना. "नजीरा, तुझंही बरोबर होतं."

नजीरानं कुठलं ते विचारलं नाही. चहाचा कप बशीत ठेवला. बाहेर बायडाबाई कुलपं लावत चालल्या होत्या, एकेका वर्गाच्या कडीचा आवाज जवळ येत होता.

"गाईंचं व्हय?" ती म्हणाली. "ते मला ठाऊक होतं की."

बाईंनी टेबलावरचा कंपास बाजूला सरकवला.

"त्याच दिवशी घरला जाऊन अब्बांच्या मण्यांवर करून बघितलं. मोठे मणी, बारके मणी. बरोबर येत होतं. चार-पाचदा केलं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. शाळेत असताना 'मी आलो, मी गेलो' असं बोलली की बाई तिला थांबवायच्या, मुलींनी 'आले, गेले' म्हणावं. म्हणून की काय, इतका वेळ ती मधूनमधून जपून बोलत होती. आता ते सुटलं. "मग गप बसलो."

"सांगितलं का नाहीस मला?"

"तुम्हालाबी ठाऊक होतं न्हवं. वाचता वाचता तुम्ही एकदा थांबला होतासा. साठ म्हणाला आणि थांबलासा. मी बघितलं. आणि मग हसलासा." ती हे अगदी सावकाश, कुणाचं तरी तिसऱ्याचं सांगावं तसं सांगत होती. "मला वाटलं, नुसतं बरोबर असून चालत न्हाय. आणिक कायतरी लागतं. ते आपल्याजवळ न्हाय."

"मग हिला का सांगितलंस, की आपल्या रक्तातच नाही?"

नजीरा मुलीकडे बघून थोडं हसली. "काय सांगणार, बाई? आमच्या बाई हसल्या म्हणून सांगू? त्यापेक्षा मला येत न्हाय म्हटलेलं सोपं पडतं. लोक पुढं विचारत न्हाईत."

माफ कर, असं म्हणायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते आणि बाईंना जाणवलं, की ते म्हटले की ही लगेच 'असू द्या की बाई' म्हणणार, आणि मग ते संपणार, आपल्यापुरतं. म्हणून त्यांनी ते म्हटले नाहीत. की म्हणवले नाहीत? त्याऐवजी त्या हाफिजाबद्दल बोलत राहिल्या, फार बोलल्या, घाईघाईनं. तिला शाळेतून काढू नका. तिला येतं. मे महिन्यात आजोबांकडे पाठवा, मी रोज दोन तास घेऊन बसेन. तिच्या वडिलांना मी पत्र लिहिते. सरांनाही लिहिते. नजीरा ऐकत होती, मान हलवत होती, आणि बाईंना कळत होतं की आपल्या बोलण्यातलं सगळं ती तपासून घेते आहे — कुठे थांबतात, कुठे हसतात.

"सांगून बघतो तिच्या अब्बांना," ती शेवटी म्हणाली.

"ऐकतील?"

"कुणाला ठावं. तुमचं नाव सांगून आलो होतो न्हवं — तुम्ही म्हणाल ते खरं. आता तुम्ही हे म्हणताय. बघू." तिनं पिशवी उचलली. एक वाजताची एसटी होती. "येतो, बाई."

दारापर्यंत गेल्यावर हाफिजा थांबली. आईचा हात सोडला नाही, पण मागे वळून म्हणाली, "मग ते पाऊणापेक्षा जास्त कसं काय आलं?"

बाईंना घाईत उत्तर देता आलं असतं. उलटा करून गुणतात म्हणून. पंचवीस वर्षं तेच दिलं होतं. त्या उठून तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, पाऊण भाकरी आहे असं धर, अर्धी-अर्धी वाढायची आहे. एकाला अर्धी दिली. किती उरली? पाव, मुलगी म्हणाली. मग ती पाव म्हणजे अर्धीतली किती? हाफिजानं डावा तळहात उघडला आणि उजव्या हाताच्या कडेनं त्यावर एक भाग पाडला, मग दुसरा. कळलं असं म्हणाली नाही. आईनं हात ओढला तरी ती तळहाताकडे बघतच पायऱ्या उतरली.

दुपारी घरी, जेवण झाल्यावर, कालिंदीबाई चौथा कागद पुढे घेऊन बसल्या. यजमान पेपर वाचता वाचता झोपले होते. कागदावरचं वाक्य होतं तसंच चांगलं होतं. खाली आणखी चार ओळी लिहाव्यात, उद्या सकाळी पातळ नेसून जावं, बोलावं... की हे वाक्य खोडून गाईंची गोष्ट सांगावी? सांगता येईल. 'माझ्या एका विद्यार्थिनीनं...' अशी सुरुवात केली तर सगळे कान देतील. आणि शेवटी, एका शिक्षिकेनं आपली चूक प्रांजळपणे मान्य केली म्हणून टाळ्याही पडतील. तेवढी मोठी टाळी दुसऱ्या कुठल्या भाषणाला पडणार नाही. हे लक्षात आलं आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

एकोणीस वर्षं मी या गोष्टीचं दुःख जपलं. ते माझं एकटीचं होतं. त्यात नजीरा बिचारी होती, आपलं काय गेलं हे तिला ठाऊक नव्हतं, आणि मला ठाऊक होतं. त्या ठाऊक असण्यातही माझा एक मोठेपणा होता, बाईंचा. आणि ती बघत होती. चौदा वर्षांची, वर्गाच्या हसण्यात उभी राहून, माझं ते एका श्वासाचं थांबणं बघत होती. मग घरी गेली, मणी मांडले, खात्री केली आणि मला सांभाळून घेतलं. नवऱ्यापाशी, मुलीपाशी. स्वतःच्या रक्ताला नाव ठेवून.

ती एकटीच कशावरून?

हा प्रश्न आला तेव्हा बाई उठून उभ्या राहिल्या, उगाच खिडकीपर्यंत गेल्या, परत येऊन बसल्या. पंचवीस वर्षं, दर वर्षी तीन वर्ग, चाळीस-चाळीस मुली. त्यांनी आठवायला सुरुवात केली. पहिल्या येणाऱ्या लगेच आठवल्या. एक डॉक्टर झाली, एक पुण्याला बँकेत आहे, एक अमेरिकेहून दरवर्षी भेटकार्ड पाठवते. त्यांची अक्षरंसुद्धा आठवली. मग एकसष्ट सालच्या त्या वर्गात शिरून नजीराच्या शेजारी कोण बसायची ते आठवून बघितलं. आलं नाही. बाकावर हात टेकून गाय झालेली ती कोण? त्या मुलीचं पुढं काय झालं? तीही यादीत होती का? यादीत अकरा नावं होती, हे नक्की, नजीरा एक. दहा उरतात. बाई बोटं धरून बसल्या. एक तरी नाव यावं, एखादी वेणी, आवाज, वहीचं पुठ्ठं...

दहा जणी त्या वर्गात तिथंच होत्या. कुणी खाली मान घातलेली नव्हती, हे मला आज पहिल्यांदा दिसत होतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, समजूतदारपणे, आणि माझ्याजवळ त्यांना हाक मारायला एकही नाव नव्हतं.